नावाजलेलं विद्यापीठ

"बाही जरा वर घेशील?" फोटोग्राफरने टालियाला विचारलं. "हात नीट दिसू दे."

टालियाने बाही वर सरकवली. तिचा डावा हात जन्मापासून कोपराच्या थोडा खालीच संपत होता. पुढे काळा, यांत्रिक हात बसवलेला होता. प्रयोगशाळेच्या टेबलावर तसेच दोन-तीन हात मांडून ठेवले होते. त्यांच्या शेजारी उभी राहून ती हसली. प्रवेशाची ऑफर मिळालेली बाकीची मुलं आणि त्यांचे आईवडील मागे सरून तिला जागा करून देत होते.

मनाशेला छान वाटलं. एवढ्या नावाजलेल्या विद्यापीठाने आपल्या मुलीला बायोमेडिकल इंजिनिअरिंगला घेतलं, आणि आज सगळ्यांत फोटो तिचाच. ठाण्याहून लंडनला येऊन तो इतकी वर्षं बस चालवत होता. अशी सांगण्यासारखी गोष्ट पहिल्यांदाच हाताशी आली होती, आणि इल्फर्डच्या सिनेगॉगमध्ये, त्यांच्या ज्यू प्रार्थनामंदिरात, ती त्याने कधीच सगळ्यांना सांगून टाकली होती. टालियाला दुसरीही एक ऑफर होती, साउथॅम्प्टनच्या पुढच्या एका लहान विद्यापीठाची. तिचा विषय तो घरातही काढत नसे.

मिल्का मात्र हसत नव्हती. "हॉस्पिटलमध्ये अशीच हसायची ही," ती नवऱ्याच्या कानाशी म्हणाली. "लहान होती तेव्हा. डॉक्टरकीचे स्टुडंट्स गोल करून बघायचे ना, तेव्हा."

फोटो झाल्यावर टालिया तिथल्या प्राध्यापकाकडे गेली. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये काय काय करायचं असतं, सोल्डरिंग करताना तुकडा धरायला टेबलावर शिकंजा मिळेल का, असं तिने विचारलं.

प्राध्यापकाने उत्तर दिलं, पण मनाशेकडे बघून. "वर्कशॉप जरा अवघड असतं. तुमच्या मुलीला कॉम्प्युटरवरचा अभ्यासक्रम सोयीचा पडेल. तिथे ती जास्त आनंदात राहील."

"प्रश्न मी विचारला होता," टालिया म्हणाली.

"हो, हो, अर्थात." तो हसला आणि पुन्हा मनाशेलाच म्हणाला, "सुरक्षिततेचा प्रश्न असतो. तुम्ही समजू शकता."

मनाशेच्या जिभेवर 'नो प्रॉब्लेम' येऊन थांबलं. बसमध्ये अंगावर थुंकलेल्या माणसाला तो 'नो प्रॉब्लेम' म्हणाला होता. सुट्टी ऐनवेळी रद्द करणाऱ्या साहेबाला म्हणाला होता. आज ते तोंडातून बाहेर पडेना.

"मग फोटो कशाला काढला?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"माहितीपत्रकासाठी. आमच्याकडे सगळ्यांना जागा आहे, हे लोकांना दिसायला हवं."

"फोटोत जागा आहे. वर्कशॉपमध्ये नाही." मनाशेचा आवाज चढला. सगळे वळून बघू लागले. "माझी मुलगी तुम्हाला भिंतीवर लावायला पाहिजे?"

प्राध्यापक गोरामोरा झाला. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो मनाशेने घेतला नाही. टालिया मात्र सरळ फोटोग्राफरसमोर जाऊन उभी राहिली. "डिलीट करा. मला बघू दे." त्याने प्राध्यापकाकडे पाहिलं. "त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघा," ती म्हणाली. एकेक करून सगळे फोटो जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये मनाशेचा राग उतरला आणि मोठं नाव पुन्हा डोळ्यांपुढे आलं. "आपण कंप्लेंट करू. वर्कशॉप द्यावंच लागेल त्यांना. तसा कायदाच आहे. नाव मोठं आहे गं, पुढे जॉबला..."

"अहो, काय बोलताय तुम्ही?" मिल्का म्हणाली. "सोल्डरिंगला बसायच्या आधी हिने रोज भांडायचं?"

"पप्पा, मला ती कोर्स नको," टालिया म्हणाली. "मला हातं बनवायचे आहेत. भांडण नाही करायचा."

एरवी मिल्का तिचं मराठी लगेच सुधारायची. आज तिने चुका तशाच सोडल्या.

पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या विद्यापीठात गेले. इमारत जुनी, लिफ्ट बंद. वर्कशॉपमधल्या बाईने टालियाला बाकावर बसवलं, शिकंजा तिच्या उजव्या बाजूला सरकवून दिला आणि ओरडली, "गॉगल कुठंय? केस बांध आधी!" टालियाचा सोल्डरिंगचा पहिला सांधा बिघडला. "भिकार झालाय. पुन्हा कर," बाई म्हणाली आणि पुढच्या मुलाकडे गेली. टालियाने पुन्हा केला. तिच्या हाताकडे कुणी वळून पाहिलं नाही. मनाशे भिंतीला टेकून ते बघत होता.

त्या नावाजलेल्या विद्यापीठाला त्याने तक्रार पाठवलीच. उत्तर दोन ओळींचं आलं: तुम्हाला तसं वाटलं याचा आम्हाला खेद आहे. 'तसं वाटलं' हे शब्द वाचून तो इतका भडकला की त्या दिवशी जेवलाच नाही.

शनिवारी प्रार्थनेनंतर सिनेगॉगच्या हॉलमध्ये म्हातारे आशेर अंकल त्याच्याजवळ आले. "काय रे मनाशे, मुलगी दुसरीकडेच चालली म्हणे? मोठ्या ठिकाणी नाही झालं?"

"झालं होतं, अंकल. आम्हीच नको म्हटलं."

आशेर अंकलनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत कीव होती. "चालायचंच. सगळ्यांनाच कुठे मिळतं?" म्हणत त्यांनी मनाशेच्या खांद्यावर हात ठेवला.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पलीकडे टालिया मैत्रिणींना वर्कशॉपमधल्या बाईची नक्कल करून दाखवत होती आणि सगळ्या खिदळत होत्या. मनाशेने तिच्याकडे पाहिलं. अंकलचा हात त्याने खांद्यावर तसाच राहू दिला.