आईच्या हाडात काच

धातूवर काचेचा पातळ थर चढवला की हाड त्या धातूला परकं मानत नाही, घट्ट धरतं. एवढ्या एका वाक्यावर मी मुंबईच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं पगार घेत होतो. थर चढायचा. भट्टीतून काढून थंड झाला की भिंतीच्या पोपड्यासारखा सुटायचाही. पण बोळिंजच्या आमच्या सोसायटीत मी शास्त्रज्ञ होतो आणि पोपड्यांचं कुणी विचारत नसे.

२००३ साली आई गिरीज गावातल्या आमच्या वाडीत केळींना पाणी सोडताना घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात डॉक्टर मायकल म्हणाले, धातूचा गोळा बसवू, चालायला लागतील. नाहीतर कायमच्या खाटेवर. आई तयार झाली. मग मी तोंड उघडलं.

तिला धीर द्यावा म्हणून हो! नुसत्या धातूपेक्षा वर काच असलेला गोळा कसा बरा, हे मी खाटेशेजारी बसून तासभर समजावलं.

"फुटली मंजे?" आईने विचारलं.

"फुटत नाही गं. हळूहळू विरघळते."

"विरघळनार तर घालायची कशाला?"

इतकं नेमकं मला माझ्या गाइडनेही कधी पकडलं नव्हतं.

"सासरी काच सोसला तो कमी झाला, म्हनून आता हाडात काच? मना नाय करायचं आपरेशन. घरी ने."

माझी बायको क्षितिजा मला बाहेर घेऊन गेली. "त्यांना काच बसवणारच नव्हते ना? मग सांगितलंस कशाला?"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे ठीक. इथे माझ्या शहाणपणापायी आई जन्माची अंथरुणाला खिळणार होती. मी मनापासून घाबरलो.

शेवटी डॉक्टर मायकलनी तिच्यासमोर माझ्याकडे बोट दाखवून शब्द दिला, "आजी, यांचं काहीही तुमच्या अंगात जाणार नाही." आईला तेवढ्याने पटेना. मग मीच म्हणालो, "आई, माझी काच अजून धातूलाच धरत नाही. तुला कोण लावणार?"

आई म्हणाली, "बरं. करा."

दुसऱ्या दिवशी तिला आत नेताना तिने माझा हात ओढला. टोमणा येणार म्हणून मी मान खाली घातली. डॉक्टरांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात ती म्हणाली,

"या पायाला थांबता येत नाय रे. दुसरा तुझ्या काचेसाठी ठेवलाय."