काच पुसायची नाही

"उमटला! उमटला!" कुणीतरी ओरडलं आणि पालेगावातल्या त्या अंगणातली सगळी गर्दी पुढे रेटली गेली.

अंगणात एक पांढरी गाडी घरघरत उभी होती. पुढच्या काचेवर आतून वाफ धरली होती आणि त्या वाफेत माणसाच्या हाताचा पंजा हळूहळू दिसू लागला होता. बाकीची बोटं धड, मधलं अर्धं. अनंताचं मधलं बोट अंबरनाथच्या कारखान्यात मशीनखाली गेलं होतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. गाडीही त्याचीच, आणि अनंता जाऊन महिना उलटला होता! बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. त्याची बायको वेणू ओट्यावरून त्या पंजाकडे बघत होती.

स्टिअरिंगमागे वांगणीचे बाळाजीबाबा बसले होते, मांडीपासून डॅशबोर्डपर्यंत भगवी शाल पसरून.

"अनंता, बेटा, रेंज कमी आहे, पण आमचं कनेक्शन पक्कं आहे!" बाबांनी आत बसूनच आरोळी ठोकली आणि मग दार किलकिलं करून हुकूम सोडले. "आत्म्याला थंडी वाजते. इंजिन तापलेलं पाहिजे. खिडक्या उघडायच्या नाहीत, कुठल्या बटणाला हात लावायचा नाही. आणि काच पुसायची नाही! पुसाल तर त्याचा हात तुमच्या हातानं पुसाल."

ज्याला देहच उरला नाही त्याला थंडी कुठे वाजते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. लोकांनी हात जोडले आणि मोकळे झाले.

वेणूचा विश्वास बसायला वेळ लागला नाही. बसणारच. गाडीत कितीतरी दिवस गोड वास येत होता, आणि अनंताच्या तोंडात सदा गोड सुपारी असायची. पायाखालची चटई ओली व्हायची. बॉनेटखालच्या बाटलीतलं पाणी आपोआप कमी व्हायचं. धाकटा दीर भावेश आता गाडी चालवायचा, गावातल्या मुलांना अंबरनाथच्या शाळेत सोडायचा. त्यानं बाबांना पाण्याचं विचारलं, तर बाबा म्हणाले, "तहानलेला गेला तो. पाज त्याला." तेव्हापासून भावेश रोज सकाळी हात जोडून त्या बाटलीत पाणी ओतायचा. मेलेल्याला पाणी द्यायची आपली रीतच आहे. दुसऱ्या दिवशी बाटली रिकामी दिसली की घरात सगळ्यांना बरं वाटायचं. इंजिनच्या गरमीचा काटा वर चढला तर भावेश म्हणायचा, "दादा चिडलाय."

संध्याकाळी वेणू एकटीच मागच्या सीटवर जाऊन बसायची. तो गोड वास छातीभर घ्यायची आणि रडायची. वेडी नव्हती ती. तिला नवरा हवा होता.

मग बाबांनी खरी गोष्ट काढली. आत्मा गाडीत अडकलाय. अमावास्येला गाडी मठात आणून सोडा, त्याला मुक्ती मिळेल. त्या गाडीवर घराची चूल पेटत होती, तरी वेणू हो म्हणाली.

तिची मुलगी जिज्ञासा नववीत होती. ती रोज काकाशेजारी पुढे बसून शाळेत जायची. एका सकाळी वळणावर वाफेनं काच आंधळी झाली. भावेश कोपऱ्यातल्या टीचभर मोकळ्या काचेतून बघत होता. पोरगी किंचाळली म्हणून ब्रेक लागला. सायकलवरचा दूधवाला कसाबसा वाचला, त्याची किटली रस्त्यात उलटली.

"काका, काच पूस ना!"

"नाय गं बाय. बाबांनी सांगितलंय."

त्या दिवसापासून ती डोळे उघडे ठेवून बसू लागली.

अमावास्येच्या सकाळी बाबा हार घेऊन आले. इंजिन तापवलं, शाल पसरली. एवढ्यात जिज्ञासा शेजारच्या सीटवर येऊन बसली.

"बाबा, आज हात शालीच्या वर ठेवा ना. सगळ्यांना दिसू देत."

अंगणात चुळबुळ झाली. नाही म्हणायची सोय नव्हती. बाबांनी हात वर धरले आणि मंत्र सुरू केला. काच लख्ख. पुन्हा मंत्र. काच लख्खच! बाबांच्या कपाळावर मात्र घाम उमटला.

"आज अनंता रागावलाय," बाबा पुटपुटले.

"पप्पा रागावले नाहीत. मी हा हीटरचा नॉब निळ्या खुणेवर ठेवलाय. तुम्ही शालीखालून लाल खुणेवर नेता, तसा आता मी नेते. मंत्र नको."

पंखा घुमला, गोड वास आला, काच धुरकटली. अर्ध्या बोटाचा पंजा उमटला आणि त्याच्या शेजारी दुसरा, लहान पंजा. पाची बोटं धड.

"तो माझा आहे. काल शाळेतून आल्यावर मी काचेवर हात टेकवला होता. हाताचं तेल काचेला लागतं, त्यावर वाफ वेगळी बसते. मग सांगा, मी मेले का?"

जिज्ञासानं चटई उचलली, बोट बुडवलं आणि आईच्या नाकाशी नेलं.

"हीटर आतून गळतोय, आई. कूलंटचा, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा वास आहे हा. ते पाणी पप्पा पीत नव्हते."

कलियुगाला दूषणं देत बाबा हारासकट चालते झाले.

उल्हासनगरच्या गॅरेजवाल्यानं भावेशला झाडलं. "वास येतो, पाणी जातं, काटा चढतो. गाडी आणखी कसं बोलणार? अजून थोडी चालवली असतीस तर इंजिन भर रस्त्यात जाम झालं असतं."

गाडी परत आली तेव्हा वेणू फडकं घेऊन आत बसली. तिनं काचेवर तोंडाची वाफ सोडली. पंजा पुन्हा दिसला आणि तिला सगळं आठवलं. गेला त्या दिवशी हॉस्पिटलला नेताना अनंता पुढच्या सीटवर होता. छातीत कळ आली तसा तो पुढे झुकला आणि त्यानं काचेवर हात टेकला. ती मागे बसून बघत होती. त्याच्या आधी कितीतरी दिवस छातीत जळजळतंय म्हणत होता. ॲसिडिटी आहे म्हणून सोडून दिलं होतं. गाडीतला गोड वासही तेव्हापासूनचाच, त्यालाही अनंता म्हणाला होता, बघू एकदा.

हात खरा होता. चमत्कार खोटा होता. बिघाड येण्याआधी कुरकुरतो, मग ती गाडी असो की माणूस. त्या कुरकुरीला देव नाहीतर भूत म्हणून हात जोडले की ऐकायचं राहून जातं. म्हणून आधी बॉनेट उघडा, डॉक्टर गाठा. नमस्कार मागाहून करता येतो.

वेणूनं त्या पंजावर आपला पंजा ठेवला, मनसोक्त रडली आणि काच पुसली.

दुसऱ्या दिवशी भावेश चावी घेऊन आला, छाती चोळत. "वहिनी, कालचं कालवण लय तिखट होतं वाटतं. जळजळतंय नुसतं."

वेणूनं त्याच्या हातातली चावी काढून घेतली.

"पोरं आज रिक्षानं जातील. शेजारच्या कुणाला तरी बोलव गाडी चालवायला. आपण आधी डॉक्टरकडं जायचं."

"अगं, ॲसिडिटी हाय गं!"

"असू दे. ते डॉक्टरला म्हणू दे."