न थांबणारी तोडयादी

काकासाहेबांनी प्रोग्राम पुन्हा बंद केलेला दिसला आणि माझं डोकंच फिरलं. एकाच आठवड्यात चौथ्यांदा!

साखर कारखान्याच्या शेतकी विभागात कंप्युटर सांभाळायचं काम माझं. दोन हजार चारचा फेब्रुवारी होता. ज्याची लागवड आधी, त्याच्या उसाची तोड आधी, हा कारखान्याचा नियम. त्या नियमाने रोज सकाळी सहाला तोडीची यादी छापणारा प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता. पण तो चालायचा सर्व्हरवर, हेडक्लार्क काकासाहेबांच्या लॉगिनमधल्या एका विंडोत. विंडो बंद, की प्रोग्राम बंद. संध्याकाळी घरी निघताना हे गृहस्थ ती न चुकता बंद करायचे. "चालू ठेवलं तर मशीन गरम व्हती," असं वर मलाच शिकवायचे. सकाळी यादी नसली की पेन काढून स्वतःच लिहायला बसायचे. वरच्या ओळींत त्यांचे साडू, संचालकांचे भाचे, असलीच मंडळी. चीड यायची नुसती.

मंठ्याकडच्या झुंबरबाई त्यामुळे लटकल्या होत्या. एकटी बाई, तीन एकर ऊस. जानेवारीत तोड यायला हवी होती.

"शकीला, उसाला तुरा आला गं. उभ्या उभ्या वाळून राह्यलाय," त्या म्हणाल्या. "तोडकऱ्यांची टोळी माझ्या बांधावरून गेल्ती. माझ्या उसाकडं बघितलं बी न्हाई."

"मावशी, आठ दिवसांत तुमची तोड येईल. मी बघते," मी म्हणाले.

रविवारी ऑफिस रिकामं होतं. मी प्रोग्रामची 'सर्व्हिस' बनवायला बसले. म्हणजे मशीन चालू झालं की प्रोग्राम आपोआप सुरू होणार, कुणी लॉगिन करो वा न करो. पडद्यावर काही दिसणार नाही, बंद करायला विंडोच नाही. पहिल्यांदा सुरू झाली आणि लगेच पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा पडली. तीन तास मी त्या मशीनला मनातल्या मनात शिव्या घातल्या. शेवटी कळलं, सर्व्हिस म्हणून चालताना प्रोग्राम आपली फाइल भलत्याच फोल्डरमध्ये शोधत होता. पूर्ण पत्ता लिहून दिला. सर्व्हरचं घड्याळ सकाळी सहाला दोन मिनिटं कमी असं लावलं, सर्व्हर बंद करून चालू केला आणि लॉगिन न करता हाताची घडी घालून बसले. प्रिंटर खरखरला. यादी बाहेर आली! मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या आणि घड्याळ पुन्हा बरोबर लावून घरी गेले.

सोमवारी संध्याकाळी काकासाहेब माउस फिरवत बसले.

"प्रोग्राम कुठं गेला?"

"चालू हाय."

"दिसून न्हाई राह्यला."

"दिसायची जरूरत न्हाई. बिलकुल न्हाई."

मंगळवारी झुंबरबाईंचा नंबर नववा होता. मी त्यांना फोन लावून सांगितलं. शुक्रवारी त्या ऑफिसात आल्या तेव्हा तो एकशे चाळीसावा झाला होता.

माझंच काही चुकलं असेल म्हणून मी नोंद उघडली. झुंबरबाईंच्या नोंदणीच्या पावतीवर लागवड अकरा जुलै दोन हजार दोन, पडद्यावर अकरा ऑक्टोबर. मंगळवारच्या यादीतल्या तारखांशी ताडून पाहिलं, तर आणखी बावीस जणांच्या तारखा अशाच पुढे ढकललेल्या. नोंदी भरायचं काम काकासाहेबांचं.

"पाहणीत चुका निघाल्या. दुरुस्त केल्या," ते शांतपणे म्हणाले. "यादी तं तुमचाच प्रोग्राम काढतो, मॅडम."

अंगाची लाही लाही झाली. त्यांच्यापेक्षा जास्त राग स्वतःचा आला. प्रोग्रामला कुणी हात लावू नये म्हणून अख्खा रविवार घातला, आणि तारखा तशाच उघड्या टाकल्या. आता माझा प्रोग्राम रोज सहाला, एकही दिवस न चुकता, खोट्या तारखांवरून यादी छापत होता.

झुंबरबाई टेबलाजवळ उभ्या होत्या.

"काकासाहेब हातानं लिव्हायचे, तव्हा आम्ही चार बाया येऊन भांडायचो. लाजंकाजं एखादा नंबर वर सरकायचा," त्या म्हणाल्या. "आता तोंड उघडलं की समदे म्हणतात, कंप्युटरनं काढलंय. तू माझ्यासाठीच केलंस, ठावं हाय मला. पर पोरी, माझं तोंडच बंद झालं."

मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. सर्व्हर उघडला, यादीची सर्व्हिस शोधली आणि सगळ्यांसमोर थांबवली. आपोआप सुरू होणंही काढून टाकलं. काकासाहेब खुर्चीतून उठले.

"हे काय करून राह्यलीस? उद्याच्या यादीचं काय?"

"उद्या तुम्ही लिव्हा," मी म्हणाले. "तुमच्या हातानं. खाली सही करून."

झुंबरबाईंसकट तेवीस नावं आणि बदललेल्या तारखा मी छापून घेतल्या. झुंबरबाईंची पावती त्यावर ठेवून कागद त्यांच्या हातात दिले.

"चला मावशी, चेअरमनच्या केबिनीत. आता भांडा. मी बी भांडते."