थांबायची ओळ

वडगाव रासाईहून बायांचा टेम्पो निघायचा, भीमेचा पूल ओलांडायचा आणि वरवंडच्या अलीकडं कांद्याच्या शेडवर जाऊन थांबायचा. शेडमध्ये कांद्याची रास, राशीला लागून बायांची ओळ आणि ओळीच्या मधोमध भागुबाई. मधोमध का, तर तिथून दोन्ही टोकं दिसतात.

हात कांदा निवडायचे. मोठा एका क्रेटात, बारीक गोल्टी दुसऱ्यात, सडका मागं. आणि भागुबाईचं तोंड गायचं:

मोठा कांदा चालला दुबईच्या गावाला,
गोल्टी राहिली घरी, सासूच्या नावाला.

त्या ठेक्यावर सगळ्यांचे हात चालायचे. पण एखादीच्या पुढचा ढीग उभाच राहिला, की भागुबाई मध्येच एक लांबलचक ओळ घालायची:

थांबा गं बायांनो, सारिका येऊ द्या,
तिच्या नथीचा मोती मला पाहू द्या.

बाया हसायच्या, सारिकाला चिडवायच्या. हसताना हात ढिले पडायचे आणि तेवढ्यात मागं राहिलेली पुढं यायची. मागं राहिलेली सारिकाच असायची असं नाही. पुष्कळदा ती नकुशी असायची. चिकुनगुन्या झाल्यापासून नकुशीची बोटं धड मिटत नव्हती. भागुबाई थांबायची तिच्यासाठी आणि नाव घ्यायची भलत्याच बाईचं. दोघी एकाच वर्षी सुना होऊन गावात आल्या होत्या. ह्या गोष्टीवर त्या आपसांतसुद्धा कधी बोलल्या नव्हत्या.

मग शेडचा सुपरवायझर ज्ञानेश एकदा मोबाइल घेऊन पुढं बसला. "मावशी, एकदा मस्त म्हणा, व्हिडिओ काढतो."

फोटो काढताना माणूस पोट आत घेतं, तसं भागुबाईनं गाणं आत घेतलं. थांबायची ओळ गाळली. जगाला कशाला दाखवायची ती ढिलाई? गाणं सपासप म्हटलं. ते इतकं चाललं की दौंडच्या कुणा डीजेवाल्यानं खाली ठेका घातला आणि शिरूरला हळदीत पोरी त्यावर नाचल्या. भागुबाईच्या माहेरून फोन आले. ज्ञानेशनं शेडमध्ये मोठा स्पीकर आणून टांगला आणि दिवसभर तेच लावायला लागला.

बाया खूश. खोटं कशाला, भागुबाईसुद्धा खूश. घशाला आराम मिळाला. रास भराभरा खाली बसायला लागली. नकुशीच्या पुढची तेवढी उभी राहिली.

ज्ञानेशला ती दिसलीच. "मावशी, त्या नकुशीमावशींना आता घरीच बसू द्या. सोमवारपासून दुसरी बाई बघतो."

"आधी ते गाणं बंद कर," भागुबाई म्हणाली.

"तुमचंच हाय की! आन् बायांना विचारा, बंद करू का."

भागुबाईनं विचारलं. सारिका म्हणाली, "आत्या, उलट आवाज वाढवा म्हणावं. दिवस कसा जातो कळत न्हाई." बाकीच्या हसल्या. बंद का करायचं, हे सांगायचं तर नकुशीची बोटं सगळ्यांपुढं मांडायला लागली असती. नकुशी खाली मान घालून कांदे निवडत होती. भागुबाईनं पुढचा कांदा उचलला.

रात्री पडल्या पडल्या तिला वाटलं, आपल्याला युक्ती सुचली. दुसऱ्या दिवशी तिनं ज्ञानेशला म्हटलं, "नवं घे. ते अर्धवट झालंय." आणि ह्या वेळी थांबायच्या ओळीसकट गायली:

थांबा गं बायांनो, नकुशी येऊ द्या,
तिच्या पदराचा वारा मला घेऊ द्या.

तिचा हिशेब सरळ होता. गाण्यात नाव असलेल्या बाईला कोण काढंल?

तो हिशेब बरोबर आला. नवं गाणं जुन्यापेक्षा जास्त चाललं. ज्ञानेश म्हणाला, "नकुशीमावशी तर आपल्या शेडची हिरॉइन झाली," आणि काढायचं नाव सोडलं.

पण स्पीकर काय ओळीकडं बघत नव्हता. नकुशी पुढं असली तरी 'थांबा गं' यायचं, आणि मागं पडली तवा गाणं दुबईला गेलेलं असायचं. दिवसभर तेच गाणं फिरून फिरून यायचं आणि दर फेरीला तिचं नाव घ्यायचं. पहिल्या दिवशी बाया हसल्या. मग नाव आलं की सगळ्यांच्या माना आपोआप तिच्या ढिगाकडं वळायला लागल्या. आता सगळ्यांना दिसलं. गावात पोरं तिला बघून ओरडायची, "थांबा गं थांबा, नकुशी येऊ द्या!" किराणा दुकानात तिला कुणीतरी हसत म्हणालं, "मावशी, तुम्ही सावकाश या, आम्ही थांबतो."

एका सकाळी ती टेम्पोला आली नाही. भागुबाई तिच्या दाराशी गेली.

"का गं? बरं न्हाई?"

"बरी हाय की."

"मग चल. टेम्पो उभा हाय."

नकुशी भांडी घासत होती. बोटांऐवजी तळहातानं घासत होती. "भागे, माझं नाव तेवढं काढ त्यातनं."

"आजच सांगते ज्ञानेशला."

"तुला वाटलं आसंल चांगलं व्हईल."

"व्हय."

"इतकी वर्षं कुणाला कळू दिलं न्हाईस. आन् आता?"

टेम्पोचा हॉर्न वाजला. नकुशी म्हणाली, "जा. माझ्यापायी खाडा नगं पाडू."

भागुबाई गेली. शेडवर पोचल्या पोचल्या ज्ञानेशला म्हणाली, "ते काढून टाक." तो पोरगा वाईट नव्हता. तिचं तोंड बघून त्यानं कारण विचारलं नाही, तिच्यासमोर व्हिडिओ पुसला. "पण मावशी, लोकांच्या मोबाइलमधनं मी कसं काढू?"

सकाळभर शेडमध्ये नुसता कांद्यांचा आवाज होता. कुणीतरी म्हणालं, "आत्या, म्हणा की काहीतरी." भागुबाईनं तोंड उघडलं, पण तिला काही सुचेना.

नकुशीच्या जागी आयत्या वेळी शितल नावाची गावातली नवी सून बसवली होती. तिचे हात सपासप चालत होते. जेवणानंतर आत्या फारच उदास दिसते असं तिला वाटलं. तिनं क्रेटावर आपला मोबाइल उभा केला, भागुबाईकडं बघून लाजत हसली आणि गाणं लावलं.

"थांबा गं बायांनो," मोबाइलमधली भागुबाई म्हणाली. सवयीनं सगळ्यांचे हात थांबले, भागुबाईचेसुद्धा. माना नकुशीच्या जागेकडं वळल्या. तिथं शितल बसली होती, ढीग संपवून.

"काय झालं?" तिनं घाबरून विचारलं. "सगळ्या का थांबलात?"