बिनसुरकुतीचं छत

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला गोरक्षचं कुशनचं दुकान आहे. वीस वर्षांत त्याने ट्रॅक्टरच्या इतक्या सीटा शिवल्या होत्या, की एकावर एक रचल्या असत्या तर ढगांच्या बसण्याची सोय झाली असती. पण जुनी मोटार त्याच्या दारात कधी आली नव्हती. ती आली मंगळवारी. शामकांत सरांची एकोणीसशे अडुसष्टची पांढरी अँबेसेडर. छताचं आतलं कापड असं लोंबत होतं, की सर सोनईहून बोडक्या डोक्याने निघाले तरी नागापुरात पगडी घालून उतरायचे.

"रविवारी शिर्डीला जुन्या गाड्यांचा मेळा आहे," सर म्हणाले. "शनिवारी चारला येतो. एक जरी सुरकुती दिसली, तर मेळा बुडाला तरी चालेल, गाडी पुण्याच्या कारागिराकडे जाईल. छतही तोच करील आणि सीटाही. भूमितीत तुला मीच दोनदा नापास केलंय, गोरक्ष, त्यामुळे मला आशा बेताचीच आहे."

गोरक्षचे हात शिवशिवले. अशी मोटार एकदा हाताखालून गेली, की पुन्हा ट्रॅक्टरवाल्यांसमोरसुद्धा कॉलर ताठ.

त्याने जुनं कापड उतरवलं. त्याच्या वर लोखंडी सळयांच्या पाच कमानी होत्या, प्रत्येकीचा बाक निराळा. कापडाला पाठीमागे नेफे शिवायचे, नेफ्यांत कमानी ओवायच्या आणि त्यांची टोकं छताच्या कडेच्या भोकांत अडकवायची. एक कमान चुकीच्या जागी गेली, तर कापडाला नव्वदीच्या म्हातारीचा गाल येतो. म्हणून गोरक्षने खडूने आकडे घातले, कमानी मागच्या परसातल्या भिंतीला टेकवल्या आणि शिवायला बसला.

शनिवारी सकाळी तो कमानी आणायला मागे गेला. भिंत मोकळी. पाचही कमानी मातीत रोवलेल्या आणि त्यांच्यावर दोडक्याचा वेल.

"गोजर, ह्या कमानी..."

"लई झ्याक बसल्या मांडवाला," त्याची बायको गोजरबाई म्हणाली. "तुमी टाकून दिल्या हुत्या ना?"

"त्याच्यावर आकडे हुते."

"पानी घालताना गेले असतील. दगडावर कोरायचे हुते, इतके मोलाचे हुते तर."

गोरक्षने हाताला लागली ती कमान घेतली आणि पहिल्या भोकात दाबून बसवली. ती अशी उसळली, की खिडकीतून सुटून रस्त्यापलीकडच्या टपरीवरच्या किटलीत शिरली. टपरीवाल्याने ती दोन कप चहासकट परत पाठवली. गोरक्षने दुसरी दाबली, तिने त्याची टोपी नेली. अकरा वाजले.

"सरका," गोजरबाई म्हणाली आणि पदर खोचून मोटारीत शिरली. "कासार बांगडी भरताना असा अंगावर येतो का? ज्या हाताची, त्या हातात ती हळूच जाते."

तिने एकेक कमान दोन बोटांत धरली आणि भोकाभोकाला लावून पाहिली. कुरकुर केली की बाजूला. तिसरी कमान मधल्या भोकात अशी शिरली, जणू माहेरी आली. पाव तासात पाचही लागल्या. गोरक्षने या वेळी आकडे तेलरंगाने घातले आणि बायकोकडे बघत म्हणाला, "तुला भूमिती कुनी शिकवली?"

"तुमाला शिकवली त्यांनी न्हाई, येवढं नशीब."

मग दोघं कामाला जुंपली. कमानी काढून नेफ्यांत ओवल्या, मागून पुढे अडकवत आणल्या. आधी कापड मधोमध ताणलं, मग पुढे, मग बाजूंना. ती ओढी, तो कडेला सोल्यूशन लावून चिकटवी. बिस्किटी रंगाचं ते कापड हळूहळू असं ताणलं गेलं, की बोट मारलं तर ढोलकी बोलावी.

साडेतीनला मागच्या काचेच्या वरच्या बाजूला एक सुरकुती उरली. उंदराच्या शेपटीएवढी. आणखी ओढावं तर शिवण उसवली असती.

गोजरबाईने घरातून दुपारच्या वरणाचा कुकर आणला, पाणी घालून शेगडीवर चढवला, शिट्टी काढून तिथे रबरी नळी खोचली आणि वाफ सुरकुतीवर सोडली. सुरकुती हलली. वाफ मागे लागली तशी ती दुसऱ्या कमानीवरून सरकली, तिसरीवर घुटमळली, उजवीकडे वळली. "ड्रायव्हरकडं चालली, अडवा तिला," गोजरबाई ओरडली. गोरक्षने तळव्याने तिची वाट अडवली आणि पुढच्या काचेच्या कडेपर्यंत ढकलत नेली. तिथे जादा कापडासकट कात्रीने तिचा निकाल लावला.

कात्री खाली ठेवतो न ठेवतो तोच सर आले. चष्मा पुसला, टॉर्च काढला आणि मागच्या सीटवर उताणे झाले, पाय दाराबाहेर. टॉर्चचा झोत इंचाइंचाने फिरू लागला. एक माशी छतावर बसायला गेली आणि घसरून सरांच्या चष्म्यावर पडली.

"हिंगाचा वास कसला?" आतून आवाज आला.

"नव्या कापडाला असतो, सर."

गोरक्षने कात्रीची मूठ धरली, सोडली, पुन्हा धरली. गोजरबाई त्याच्या कोपराला चिकटून उभी. दोन्ही पाय हलले. सरांनी खिशातून मोबाईल काढला, आडवे असतानाच नंबर लावला.

"हॅलो, पुणे का? शामकांत बोलतोय. नाही, गाडी आणत नाही. छत झालं." पलीकडचं ऐकून ते म्हणाले, "नाही हो, सीटाही नाही. त्यासुद्धा इथंच होतील."