मी चौरंग नाही

मी चौरंग नाही. तोंड उघडतोय ते आधी एवढं सांगायला. मी लिहिण्याचं बैठं मेज आहे, जपानमधल्या मात्सुमोतो गावच्या सुताराने केयाकीच्या लाकडातून घडवलेलं. माझ्यावर गणपती बसवणाऱ्या, उदबत्तीची राख सांडणाऱ्या आणि तुपाचे हात पुसणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक असलेलं बरं.

माझी मालकीण मासाए नाकागोमी. तोक्योतल्या टीव्हीसाठी ती रहस्यनाट्यं लिहायची. दर नाटकात एक खून आणि शेवटी समुद्रकाठचा कडा. त्या कड्यावर उभं राहून खुन्याने ढसाढसा रडायचं आणि सगळं कबूल करायचं. निर्माता म्हणायचा, "बायका भांडी घासता घासता बघतात. त्यांना शेवट तोंडाने सांगावाच लागतो." मासाएला या वाक्याची चीड होती. ती घरी येऊन माझ्यावर मूठ आपटायची आणि पुन्हा एकाला कड्यावर उभं करायची. निबेला जास्त शाई आली की माझ्या उजव्या पायाला पुसायची. तो पाय काळा झाला तो कायमचाच.

शेवटी एक दिवस तिने टीव्हीवर पाणी सोडलं आणि कादंबऱ्या लिहायला घेतल्या. तिच्या कादंबऱ्यांमधले खुनी शेवटपर्यंत गप्प राहायचे. वाचकाने काय ते ओळखावं. लोक चिडले, पण पुस्तकं हातोहात खपली. ती सगळी पुस्तकं माझ्यावर लिहिली गेली आहेत, हे मी मान ताठ ठेवून सांगतो.

घरात एकच कटकट होती, तिची मुलगी एमी. नवरा तर कधीच सोडून गेला होता. ही पोर सारखी दाराशी येऊन उभी राहायची. मासाए मागे न वळता म्हणायची, "थांब, हा खून संपू दे." पोर थांबायची, कंटाळायची आणि आई चहा करायला उठली की मला लाथ मारून जायची. मला ती तेव्हापासून डोळ्यांसमोर नको असते.

२०११च्या मार्चमध्ये तोक्यो हादरलं आणि पुस्तकांचं कपाट मासाएच्या अगदी शेजारी कोसळलं. एमी तोवर लग्न करून न्यूझीलंडला, लोअर हटला राहायला गेली होती. तिने फोनवर हट्टच धरला, आईने आता तिथेच यायचं. महिन्याभरापूर्वीच तिथलं क्राइस्टचर्च भूकंपाने जमीनदोस्त झालं होतं. म्हणजे भूकंपाला भिऊन आम्ही निघालो ते भूकंपाच्याच देशात! पण मासाए आली आणि बोटीने मागाहून मीही आलो.

लोअर हटला ती गालिच्यावर मांडी घालून माझ्यासमोर बसू लागली. शेवटची कादंबरी सुरू होती. यात खून करणारी एक बाई होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मासाएला वाटत होतं की हिने तोंड उघडलं पाहिजे. सगळं पुस्तक तयार झालं, फक्त त्या बाईचं शेवटचं बोलणं सुचेना. मासाए कागदामागून कागद फाडत होती. एकदा छोटी नात चित्र दाखवायला आली. मासाए म्हणाली, "थांब, हा खून संपू दे." दारात एमी उभी होती. तिने मुलीला उचललं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या खिळ्यांना गंज चढावा.

२०१६च्या हिवाळ्यात, तिथे तो जून-जुलैत असतो, मासाएचा खुबा मोडला. हॉस्पिटलने नवा खुबा बसवला आणि बजावलं, आता जमिनीवर बसायचं नाही. एमीला तेवढंच हवं होतं. तिने खुर्चीवर बसून लिहायचं उंच टेबल आणलं, मला फरफटत घराबाहेरच्या हिरवळीवर नेलं आणि वर पुठ्ठा ठेवला: 'फ्री', हवं त्याने फुकट न्यावं. इतकी वर्षं ज्याच्यावर डोकं चालवलं गेलं, त्या मेजावर हा पुठ्ठा!

त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला यशोधन राहतो. वेलिंग्टनला कॉम्प्युटरवर काम करतो. त्याची आई शुभाताई दर वर्षी पुण्याहून सहा-सहा महिने येऊन राहते. ती फिरायला निघाली होती. मला पाहून थबकलीच.

"अय्या, चौरंग! आणि खाली खणसुद्धा आहे. वाती, कापूर ठेवायची सोय झाली. यशो, उचल रे."

"आई, नक्की चौरंगच आहे का हा?"

"चार पाय आहेत, बसका आहे, अजून काय असतं चौरंगाला? गणपती तोंडावर आलेत आणि दारात चालत आलाय. बघतोस काय!"

नात इरावती म्हणाली, "आज्जी, इट्स अ डेस्क."

"असू दे. आपल्याकडे याला चौरंग म्हणतात."

झालं. मला घासलं, धुतलं, लाल कापड गुंडाळलं आणि वर गणपती बसवला. काळा पाय काही निघाला नाही. जिथे विषाचे पेले रिकामे व्हायचे, तिथे मोदक आले. मला देवाशी भांडण नाही, तो बिचारा गप्प बसतो. पण अक्षता, गुलाल, दूर्वा, आणि दोन वेळा कानाशी झांजा! मासाएच्या खोलीत घड्याळसुद्धा नव्हतं.

मला एकच आशा होती. मासाए मला शोधून काढील. माझ्याशिवाय तिला ते शेवटचं बोलणं सुचणार नव्हतं.

गणपतीच्या दुसऱ्या संध्याकाळी शुभाताईने सगळ्या शेजाऱ्यांना दर्शनाला बोलावलं. काठी टेकत मासाए आली, बरोबर एमी. कापड वर सरकलेलं होतं. मासाएने मूर्तीकडे पाहिलंच नाही. तिची नजर माझ्या काळ्या पायावर येऊन थांबली.

"एमी," ती जपानीत म्हणाली, "तू म्हणाली होतीस, पोरिरुआला गोदामात ठेवलंय."

"खोटं बोलले."

"कुणी टाकलं?"

"मी."

"का?"

एमीने माझ्याकडे बोट दाखवलं. "मला ताप चढला होता तेव्हा म्हणालीस, हा खून संपू दे. शाळेच्या पहिल्या दिवशी तेच. आता माझ्या मुलीलाही तेच. मला तुझा चेहरा आठवत नाही, आई. तुझी पाठच तेवढी मला पाठ आहे. हे मेज परत घरात आलं, तर मी परत टाकीन."

खोलीत कुणाला एक अक्षर कळलं नव्हतं. मला मात्र कळलं. हेच! त्या बाईचं शेवटचं बोलणं हेच! इतके महिने जे सुचत नव्हतं, ते ही नतद्रष्ट मुलगी तोंडपाठ असल्यासारखं बोलून गेली होती. मासाएलाही ते कळलं. तिचा उजवा हात पेन धरल्यासारखा आखडला, मी पाहिलं.

यशोधनला एवढं समजलं की मेज यांचं आहे. तो ओशाळून इंग्रजीत म्हणाला, "सॉरी, विसर्जन झालं की लगेच आणून देतो." शुभाताईने आवाज चढवला, "देव बसलेत त्यावर. पाच दिवस मी हलवू द्यायची नाही, सांग त्यांना. रस्त्यावर टाकलेली वस्तू आणि वर हक्क!"

मी वाट पाहत होतो. पाच दिवस काय, मी पाच वर्षं थांबलो असतो.

मासाए म्हणाली, "नो. यू कीप." मग तिने काठी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने एमीचं मनगट धरलं, आणि दोघी निघून गेल्या. एमी रडत होती. मासाए तिच्याकडे पाहत होती, सरळ, तोंडाकडे.

कादंबरी तशीच राहिली. मासाए नातीला शाळेत सोडायला जायची, कोपऱ्यावरच्या डेअरीवरून मायलेकींना आइस्क्रीम आणायची. माझ्या दारावरून जाताना तिने कधी मान वळवली नाही. आयुष्यातलं सर्वांत चांगलं दृश्य हातात आलं आणि या बाईने ते टाकून दिलं! मी तिला माफ केलेलं नाही.

यंदा, २०१९च्या थंडीत, ती गेली. गणपतीला एमी एकटी आली. शुभाताई तिला बघून गडबडली. यशोधनला म्हणाली, "विचार तिला, आईची आठवण म्हणून हवा का चौरंग? देईन मी." यशोधनने विचारलं. एमीने मान हलवली, नको. ती माझ्यासमोर खाली बसली, कापड बाजूला केलं, तळवा माझ्यावर टेकला आणि कुणाला समजू नये अशा जपानीत मला म्हणाली, "शेवटची तीन वर्षं ती माझी होती."

होती. मी कुठे नाही म्हणतो?

तेव्हा शुभाताई, तुम्ही माझ्यावर खुशाल गुलाल उधळा, मला चौरंग म्हणा, अकरा महिने गॅरेजमध्ये लॉन मोअरशेजारी ठेवा. एवढंच करा, पुढच्या वर्षी ही मुलगी आली तर तिला लांब बसवा. तिचा हात अगदी तिच्या आईसारखा लागतो, आणि मला तो सोसत नाही.