पाटात पडलेला पाय

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी सकाळी साडेदहाला मार्गदर्शकांच्या ऑफिसातून फोन आला. "रोझविता घरून निघाली का? मंडळी चर्चपाशी वीस मिनिटं उभी आहेत."

मी तळघरात नळ दुरुस्त करत होतो. माझी बायको एकतीस वर्षं लोकांना आमचं फ्रायबुर्ग शहर दाखवत होती आणि एकदाही उशिरा पोचली नव्हती. मी पान्हा खाली ठेवला. मला तेव्हाच कळलं. ती ट्रामच्या थांब्यावर बाकावर बसलेली सापडली. मंडळींना दिसावी म्हणून ती उंच धरायची ती पिवळी छत्री मांडीवर होती. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, बाईंना डुलकी लागली असेल.

नव्या वर्षाच्या डायरीत तिने एकच नोंद आधी करून ठेवली होती. चोवीस जानेवारी, रॉयटलिंगनचं गायक मंडळ, उरलेलं अर्धं शहर. ही मंडळी मे महिन्यात येऊन गेली होती. पावसामुळे त्यांचं अर्धंच शहर बघून झालं होतं. मी त्यांच्या प्रमुख गुडरूनबाईंना फोन करून रोझविता गेल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आम्ही येणार. तुम्ही दाखवा."

"बाई, मी प्लंबर आहे."

"मग नळ दाखवा."

मी रोझविताची शहराच्या माहितीची कार्डं घेतली, छत्री घेतली आणि गेलो.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्या गावात रस्त्याच्या कडेने पाण्याचे अरुंद पाट वाहतात. त्यात चुकून पाय पडला तर फ्रायबुर्गच्याच माणसाशी लग्न होतं, असं इथे म्हणतात. चुकूनच पडायला हवा. त्र्याऐंशी साली मी एका बेकरीत पाइप बसवायला रॉयटलिंगनहून आलो होतो. रोझविता तिथे पाव विकायची. तिने मला हे पायरीवर बसून सांगितलं, आणि पुढच्या दहा मिनिटांत माझा पाय पाटात पडला. मी "अरेच्चा!" असं मोठ्याने म्हणालो. पाय मी मुद्दाम टाकला होता. तिला हे मी कधीच सांगितलं नाही. ती तो किस्सा इतक्या आनंदाने सांगायची की धीर झाला नाही. नंतर वाटायचं, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला सांगू. ती गेल्यावर रात्रंदिवस एकच मनात यायचं, की आपण तिला एकेचाळीस वर्षं फसवलं.

चोवीस जानेवारीला थंडी उणे सहा होती. पाट गोठू नयेत म्हणून पाणी बंद केलं होतं. चौदा म्हातारी माणसं लोकरीच्या टोप्या घालून उभी होती. मी कार्ड वाचायचो, ते वर बघायचे. चौथं कार्ड श्वाबेन दरवाज्याचं आणि त्यावर रंगवलेल्या गोष्टीचं होतं. श्वाबेनचा, म्हणजे रॉयटलिंगनकडचाच, एक व्यापारी पिंपं भरून सोनं घेऊन हे शहर विकत घ्यायला आला, झाकण उघडलं तर आत वाळू. त्याच्या बायकोने घरीच सोनं काढून ठेवलं होतं.

"बायको शहाणी होती," वेंडेलिन नावाचे आजोबा म्हणाले. "आम्हा श्वाबेनवाल्यांना हसायला या लोकांनी दरवाजासुद्धा सोडला नाही! तुम्ही तर आमच्यातले. इतकी वर्षं कसे टिकलात इथे?"

"बायको इथली होती," मी म्हणालो आणि पुढचं कार्ड शोधत मागे सरकलो. माझी टाच कोरड्या पाटाच्या काठावर गेली. वेंडेलिननी माझी बाही धरली.

"अहो, सांभाळा! परत पँट दुमडावी लागेल!"

सगळे हसले.

"कसली पँट?" मी विचारलं.

गुडरूनबाई म्हणाल्या, "वेंडेलिन, तुझ्या तोंडाला कुलूप घालायला हवं."

"आता पुरतं सांगा," मी म्हणालो.

गुडरूनबाईंनी हातमोजे काढले, परत घातले. "मे महिन्यात रोझविताबाईंनी सांगितलं होतं. म्हणाल्या, माझा नवरा पाटात चुकून पडला, पण पडायच्या आधी त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, खाली वाकून पँट नीट दोन घड्या वर दुमडली, आणि मग चुकून पडला. प्लंबरची सवय!"

खरं होतं. पाण्यात उतरायच्या आधी मी अजूनही पँट दुमडतो.

"तिने मला का नाही सांगितलं?"

"आम्ही तेच विचारलं. त्या म्हणाल्या, त्याला वाटतं मला माहीत नाही. तो आपल्या तोंडाने कधी सांगतो याची मी वाट बघतेय. तोवर तुम्ही कुणी बोलायचं नाही." त्यांनी वेंडेलिनकडे बघितलं. ते टोपी हातात घेऊन उभे होते.

मला पाचवं कार्ड वाचता येईना. अक्षर तिचंच होतं, स्वच्छ होतं, पण वाचता येईना. गुडरूनबाईंनी माझ्या हातातली छत्री घेतली, उंच धरली आणि सगळ्यांना चर्चसमोरच्या बाजारात नेलं. तिथे त्यांनी मला पावात घातलेलं सॉसेज खायला लावलं. वेंडेलिन शेजारी उभे राहिले.

अकरापैकी चार कार्डं झाली. मंडळी एप्रिलमध्ये परत येणार आहेत, तेव्हा बाकीची होतील. रोझविताला मी आपल्या तोंडाने सांगायचं होतं, ते राहिलं.